निराधारचे पैसे आणि उपकेंद्रातली औषधं यासाठी जीएसटी वाढवा असा ठराव करावा का?

पूर्णाकाठ (प्रश्न)

येत्या ग्रामसभेत एक ठराव येणार आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळचे 1500 रुपये वाढवावेत, उपकेंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या बाराही महिने असाव्यात, शाळेतली रिकामी पदं भरावीत. इथवर सगळं गाव एका मताचं आहे. पैसा कुठून यावा यावर दोन मतं पडली आहेत.

एक बाजू म्हणते, सरकारने जीएसटी एक-दोन टक्के वाढवावा. वस्तू घेणारा प्रत्येक जण भरेल, कोणी सुटणार नाही, आणि वाढीव पैसा याच कामांना बांधून ठेवावा. जपानने असंच करत कर 3 टक्क्यांवरून 10 वर नेला, असा दाखला दिला जातो. दुसरी बाजू म्हणते, तेल-साबणापासून सगळं महागेल आणि निराधारचे पैसे निराधाराच्याच पिशवीतून काढले जातील.

तीन गोष्टींवर माहिती हवी आहे. राज्य सरकार स्वतःच्या अधिकारात जीएसटी वाढवू शकतं का? मजुराच्या आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरावर नेमका किती बोजा पडेल? आणि वाढवलेला पैसा त्याच कामाला लागेल याची हमी कशी घ्यायची? मतांपेक्षा आकडे मिळाले तर ठराव नीट लिहिता येईल.

जमाखर्च

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. 2017 च्या आधी राज्याचा व्हॅट (विक्रीवरचा कर) होता तेव्हा मुंबईत बसून दर बदलता येत असे. 1 जुलै 2017 पासून दर जीएसटी परिषदेत ठरतात. राज्यघटनेच्या कलम 279-अ प्रमाणे त्या परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे सगळी राज्यं एकत्र आली तरी केंद्राशिवाय दर हलत नाही, आणि केंद्रालाही राज्यांशिवाय हलवता येत नाही. “महाराष्ट्र शासनाने जीएसटी वाढवावा” असं ठरावात लिहिलं तर तो कागद पहिल्याच टेबलावर थांबेल.

दुसरं, वाढवला असं धरू. गावात खपलेल्या मालावर वाढीव 100 रुपये जमा झाले, तर 50 राज्याचे आणि 50 केंद्राचे. केंद्राच्या 50 पैकी 41 टक्के, म्हणजे साडेवीस रुपये, सगळ्या राज्यांत वाटले जातात. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या सूत्रात त्यातला महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के, म्हणजे सुमारे 1 रुपया 30 पैसे. एकूण 51 रुपये 30 पैसे राज्याच्या हाती. निराधारला 100 रुपये वाढवून द्यायचे असतील तर इथल्या ग्राहकाकडून जवळपास 195 रुपये काढावे लागतील. उरलेला पैसा वाया जात नाही, केंद्र आणि इतर राज्यं तो खर्च करतात. पण ठरावाला ज्या कामाची अपेक्षा आहे त्याला तो लागत नाही.

तिसरं, वाऱ्याची दिशा उलटी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे काढून बहुतेक वस्तू 5 किंवा 18 वर आणल्या, मोजक्या चैनीच्या वस्तूंना 40 टक्के ठेवला. आता परिषदेत लगेच वाढ मागणारं राज्य सापडणं कठीण.

राज्याच्या हातात खपावरचे कर उरले ते असे: पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट, वीज शुल्क (घरगुती बिलात 16 टक्के अशी वेगळी ओळ असते, बिल काढून बघा), वाहन कर. मुद्रांक शुल्क आणि व्यवसाय कर हे खपावरचे नाहीत, पण तेही राज्याचेच.

केरळने दोन्ही वाटा वापरल्या आहेत आणि दोन्हीतून शिकण्यासारखं आहे. 1 ऑगस्ट 2019 ते 31 जुलै 2021 अशी दोन वर्षं तिथे जीएसटीवर 1 टक्का पूर उपकर (एका खास कामासाठी वरून लावलेला जादा कर) होता. नैसर्गिक आपत्तीसाठी ठरावीक मुदतीचा विशेष दर लावायची सोय त्याच 279-अ मध्ये आहे, म्हणून परिषदेने मान्यता दिली. पेन्शनसाठी ती वाट बंद आहे. त्यात 5 टक्क्यांच्या टप्प्यातल्या वस्तू त्यांनी वगळल्या होत्या, हे लक्षात ठेवा. दुसरी वाट 2023-24 च्या अर्थसंकल्पात घेतली. पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये आणि 500 रुपयांवरच्या दारूच्या बाटलीवर 20, हजारावरच्या बाटलीवर 40 रुपये सामाजिक सुरक्षा उपकर. हा सरळ पेन्शनच्या निधीसाठी होता आणि त्याला परिषदेची परवानगी लागली नाही.

पावती_नीट_बघा

दुसऱ्या प्रश्नावर हिशेब मांडून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या घराचे टाकून बघा. दर सप्टेंबर 2025 नंतरचे आहेत.

मजुराचं घर, महिन्याचा खर्च 12,000, आणि मिळकतही तेवढीच, कारण शिल्लक राहत नाही. सुटी ज्वारी, तुरीची डाळ, भाजीपाला, दूध, अंडी 4,500 रुपये: जीएसटी शून्य. एसटीची साधी गाडी, डॉक्टरची फी, शाळा, घरभाडं 2,000: शून्य. वीज 500: जीएसटी नाही, राज्याचं शुल्क आहे. राहिले 5,000. त्यातले 4,200 तेल, साखर, चहापत्ती, साबण, सिलिंडर, कपडे, औषधं यांवर, 5 टक्क्यांच्या टप्प्यात. 800 मोबाईल रिचार्ज आणि किरकोळ हार्डवेअरवर, 18 च्या टप्प्यात. छापील किमतीत कर आधीच असतो, म्हणून तो काढताना 4,200 ला 105 ने भागून 5 ने गुणायचं: 200 रुपये. 800 ला 118 ने भागून 18 ने गुणायचं: 122. एकूण 322 रुपये महिना.

आता पगारदार घर. मिळकत 80,000, खर्च 45,000. त्यात 5 टक्क्यांचा माल 12,600 चा, 18 टक्क्यांचा 17,700 चा. कर 600 अधिक 2,700, म्हणजे 3,300.

एक टक्का वाढवायचा म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या टप्प्यात? 5 चा 6 केला तर मजुराला महिन्याला 40 रुपये जास्त, पगारदाराला 120. मिळकतीच्या मानाने मजुराला 0.33 टक्के आणि पगारदाराला 0.15, म्हणजे मजुरावर दुपटीहून जास्त. 18 चा 19 केला तर मजुराला जेमतेम 7 रुपये आणि पगारदाराला 150. मिळकतीच्या मानाने 0.06 आणि 0.19. एकच “एक टक्का”, पण एका टप्प्यात तो गरिबावर पडतो, दुसऱ्यात पैसेवाल्यावर. ठरावात नुसतं “जीएसटी वाढवा” लिहिणं म्हणूनच धोक्याचं.

आणि पैसा परत कसा येतो ते जोडल्याशिवाय हिशेब अर्धाच राहतो. या दोनच घरांचं गाव धरा. 5 च्या टप्प्यातून 160 रुपये जमले आणि निम्मे-निम्मे वाटले तर प्रत्येकी 80. मजुराने दिले 40, आले 80. म्हणजे 5 च्या टप्प्यातली वाढसुद्धा, पैसा खरोखर सारखा वाटला तर, मजुराच्या फायद्याची ठरते. युरोपातले काही देश 25 टक्के खपकर लावूनही गरिबाला तगवतात ते याच जोरावर: दवाखाना, शाळा, पेन्शन सगळ्यांना. आपल्याकडे मात्र कर सगळ्यांकडून घेतला जातो आणि मिळतो यादीत नाव असलेल्यालाच. यादीबाहेर राहिलेला मजूर 40 रुपये देत राहील आणि त्याच्याकडे काहीच येणार नाही.

एक गोष्ट दुकानात उभं राहून बघण्यासारखी आहे. 5 रुपयांचा बिस्किटपुडा घ्या. 5 टक्क्यांनी त्यात कर 24 पैसे. 6 केला तर 28 पैसे. 4 पैशांसाठी कंपनी किंमत 5 रुपये 4 पैसे करत नाही, सुट्या नाण्यांचा प्रश्न येतो. ती वजन काही ग्रॅमने उतरवते. पुड्यावरची किंमत तीच दिसते, म्हणून गावात कोणालाच वाढ कळत नाही. शाम्पूच्या पुडीचं, चहाच्या छोट्या पाकिटाचं तेच. मजुराचं घर बहुतेक माल अशाच पुड्यांत घेतं, आणि छोट्या पुड्यात ग्रॅममागे भाव आधीच जास्त असतो. किमतीकडे न बघता निव्वळ वजनाच्या ओळीकडे बघायची सवय लावा.

सुटं घेणं आणि पाकीटबंद घेणं यातही फरक आहे. 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद तांदूळ, गहू, आटा, डाळींवर 5 टक्के आहे, सुट्यावर नाही. पोत्यातून तोलून घेतलेल्या डाळीवर कोणी जीएसटीची ओळ लावली तर हिशेब मागा.

छोट्या किराणा दुकानाबद्दलही सांगतो. वर्षाला 40 लाखांच्या आत मालाची उलाढाल असलेल्याला नोंदणीच लागत नाही. दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला कंपोझिशन (ठोक कराची सोपी योजना) घेता येतं, तो उलाढालीवर 1 टक्का स्वतः भरतो आणि ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. छापील कमाल किमतीच्या वर जीएसटी लावणं तर कोणालाच चालत नाही. लावला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा.

पऱ्हाटी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण तो स्वयंपाकघराचा झाला. वावराचा राहिला न भाऊ. शेतकऱ्याला दुकानदारापेक्षा जास्त बसते, ते काहून ते सांगतो.

दुकानदाराने माल घेताना भरलेला कर त्याला वजावट म्हणून परत मिळते. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतमालासाठी जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नाही म्हणून वजावटही नाही. खत-औषधावर भरलेला कर लागवडीच्या खर्चात गाडल्या जाते. कापसाचा भाव तो ठरवत नाही, म्हणून तो कर पुढं ढकलताही येत नाही.

एका एकर पऱ्हाटीचं (कपाशीचं) पाहा. बियाण्यावर जीएसटी नाही. खतावर 5 टक्के: युरियाच्या 266.50 च्या गोणीत सुमारे 12 रुपये 70 पैसे, डीएपीच्या 1,350 च्या गोणीत 64 रुपये. खताला एकरी 3,500 लागले तर त्यात कर 167. रासायनिक कीटकनाशकावर 18 टक्के, तो 2025 मध्येही कमी झाला नाही. फक्त जैविक कीटकनाशकं 12 वरून 5 वर आली, सूक्ष्म अन्नद्रव्यंही 5 वर आली. फवारणीच्या औषधाला एकरी 4,000 लागले तर त्यात 610 रुपये कर आहे. म्हणजे खत-औषध मिळून एकरी 777. पाच एकरवाल्याचे 3,900 रुपये बसल्याबसल्या गेले, आणि पिकलं नाही तरी ते गेलेच. गुलाबी बोंडअळीच्या सालात फवारे वाढले की करही वाढते. नुकसान जास्त त्या सालात कर जास्त.

18 टक्क्यांचा टप्पा वाढवला तर पगारदारावर बसते असं वर लिहिलं. ते घरखर्चापुरतं खरं. 18 चे 20 केले तर फवारणीवर एकरी 68 रुपये वाढतात. म्हणून 18 वाढवायचे असतील तर कीटकनाशक आधी 5 मध्ये आणा, हे ठरावात जोडायलाच पाहिजे.

केरळसारखा डिझेलवर 2 रुपये उपकर म्हणाल तर त्याचाही हिशेब घ्या. नांगरटी आणि रोटाव्हेटर मिळून एकरी 12 लिटरच्या आसपास डिझेल जाते, जमीन भारी असली तर जास्त. म्हणजे खर्च वाढला 24 रुपये. पण ट्रॅक्टरवाला एकराचा भाव 24 ने वाढवत नाही, तो 50 नाहीतर 100 ने वाढवते. एकदा वाढला की डिझेल उतरल्यावरही खाली येत नाही. मंग एसटी, किराण्याची गाडी, बाजारात नेणारी मालगाडी, सगळीकडे ते डिझेल शिरते. डिझेलला हात लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोलचं वेगळं बोलता येईल.

अजून एक, विषयाला लागूनच आहे. कापूस नोंदणीकृत जिनिंगवाल्याने शेतकऱ्याकडून घेतला तर त्यावरचा 5 टक्के जीएसटी जिनिंगवाल्यानेच भरायचा असते, आणि त्याला त्याची वजावट मिळते. शेतकऱ्याच्या काटापट्टीत “जीएसटी” म्हणून कटती दिसली तर ती चूक आहे. पट्टी जपून ठेवा आणि बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी द्या.

पूर्णाकाठ

टप्प्याचा मुद्दा आणि फवारणीचा मुद्दा, दोन्ही आमच्याकडे कोणाच्याच डोक्यात नव्हते. आता दोन शंका. डिझेल नको तर दारूवर वाढवा, असं बऱ्याच बायकांचं म्हणणं आहे. ते कितपत पुरेल? आणि हमीचं अजून कोणी बोललेलं नाही.

जमाखर्च

दारूवर राज्याने जून 2025 मध्ये वाढवलंच आहे. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, देशीवर प्रूफ लिटरला (मद्यार्काच्या प्रमाणावरून धरलेलं माप) 180 वरून 205 रुपये केलं, आणि त्यातून वर्षाला सुमारे 14,000 कोटी जास्त येतील असा अंदाज दिला. तुलनेसाठी, 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीण योजनेला 36,000 कोटी ठेवले होते. म्हणजे इतकी मोठी वाढ पूर्ण वसूल झाली तरी एका योजनेचे पाच महिनेही निघत नाहीत.

दारूच्या पैशावर पेन्शन उभी करायला माझा विरोध आहे, आणि कारण विदर्भालाच जवळचं आहे. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये 2015 मध्ये केली आणि 2021 मध्ये उठवली. निराधारचे पैसे दारूच्या शुल्काला बांधले की दारू कमी झाली तर पेन्शन धोक्यात, आणि मग बाटली आडवी करायला निघालेल्या बायकांना त्यांचीच पेन्शन दाखवून गप्प बसवलं जाईल. शुल्क वाढवा, ते पिणं कमी व्हावं म्हणून. कायमचा खर्च त्यावर टांगू नका.

आता हमी. याचा सगळ्यात मोठा अनुभव महाराष्ट्राचाच आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं वाढली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली होती. पैसा उभा करायला 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचं आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. त्याच्या जोडीला विक्रीकरावर, वाहन करावर जादा आकारणी, ओलिताच्या जमिनीवर विशेष आकार, शहरातल्या बिगर-निवासी इमारतींवर उपकर. 1977 च्या रोजगार हमी कायद्यात खास निधी ठेवला आणि करातून जेवढे येतील तेवढेच राज्याने स्वतःचे घालायचे असंही लिहिलं. कर, काम आणि राज्याचा हिस्सा तिन्ही कायद्यात. त्या काळी देशात दुसरीकडे असं नव्हतं.

तरी कुठे गळलं ते नीट समजून घ्या. कर थेट खास निधीत पडत नाही. आधी राज्याच्या एकत्रित निधीत जातो, आणि तिथून दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद करून खास निधीत वळवावा लागतो. तंगीच्या वर्षी वित्त विभाग वळवणं लांबवतो. दुसरं, 2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा आल्यावर अकुशल मजुरीचा 100 दिवसांपर्यंतचा खर्च केंद्राकडे गेला, पण व्यवसाय कर तसाच चालू राहिला. आजही पुरुषाला महिन्याला 10,000 च्या वर पगार असला तर 200 रुपये कापतात, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. कराला मुदत नसली की काम बदलतं आणि कर मागे राहतो. तिसरं, व्यवसाय कराची 2,500 ची कमाल मर्यादा घटनेच्या कलम 276 मध्ये 1988 पासून तीच आहे. पैशाची किंमत कितीही उतरली तरी राज्याला ती ओलांडता येत नाही.

जपानचा दाखला अर्धवट सांगितला जातो. कर 1989 मध्ये 3, 1997 मध्ये 5, एप्रिल 2014 मध्ये 8, ऑक्टोबर 2019 मध्ये 10. 2012 च्या कायद्यात वाढीचा पैसा पेन्शन, वैद्यकीय उपचार, वृद्धांची शुश्रूषा आणि बालसंगोपन या चार कामांना बांधला. 10 मधले 2.2 टक्के थेट स्थानिक संस्थांचे. 10 वर जाताना अन्नपदार्थ 8 वरच ठेवले, आणि त्याच महिन्यात 3 ते 5 वर्षांच्या मुलांचं बालशिक्षण मोफत केलं, म्हणजे कर वाढला त्याच महिन्यात लोकांच्या हाती काहीतरी आलं. तरीही 1997 आणि 2014 ला वाढीआधी लोकांनी माल भरून ठेवला आणि नंतर खप पडला. 2015 ला ठरलेली वाढ त्यांना दोनदा पुढे ढकलावी लागली. 30 वर्षं आणि चार पायऱ्या लागल्या, तेही पेन्शनची यादी जवळपास संपूर्ण असलेल्या देशात.

निराधार_अर्ज_मदत

यादीचा मुद्दा वर येऊन गेला, तो पुढे नेते, कारण ठरावाचा जीव त्यातच आहे.

संजय गांधी निराधारसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे, अपंगांसाठी 50,000. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. वरच्या हिशेबातलं 12,000 महिन्याचं मजुराचं घर या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे. सणावाराला रोजंदारीवर जाणारी विधवासुद्धा खरं उत्पन्न सांगितलं तर बसत नाही. म्हणून तलाठ्याकडे कमी उत्पन्न लिहून घेण्याची धडपड होते, चौकशी लागली की पैसे थांबतात, आणि बाई पुन्हा तहसीलच्या पायऱ्या चढते. पैसे 1,500 चे 2,500 करा ही मागणी बरोबर आहे, पण मर्यादा 21,000 च राहिली तर वाढीव कर भरणारे शेकडो आणि घेणारे मूठभर. दोन्हींतलं एकच मागता येत असेल तर मी मर्यादा वाढवून मागेन.

दुसरं, पैसे महागाईला बांधलेले नाहीत. केंद्राच्या वृद्ध पेन्शनमध्ये 60 ते 79 वयाला केंद्राचा वाटा आजही 200 रुपये आहे, 80 च्या वर 500. बाकीचं राज्य घालतं. खपकर वाढून भाव 2 टक्के चढले तर 1,500 मधले 30 रुपये आपोआप झिजतात. दर वर्षी 1 एप्रिलला महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे रक्कम वाढावी, हे वाक्य ठरावात हवंच.

तिसरं अगदी छोटं. पैसे आता थेट बँक खात्यात येतात, त्यामुळे थांबले की बहुतेकदा कारण कराचं किंवा निधीचं नसतं. खात्याला आधार जोडलेलं नसतं, किंवा जोडलेलं खातं जुनं, बंद पडलेलं असतं, किंवा हयातीचा दाखला राहिलेला असतो. ग्रामसभेच्या दिवशी शाळेत एक टेबल लावून या तीन गोष्टी तपासल्या तरी काही जणींचे थांबलेले पैसे सुरू होतील. त्याला कोणताच कर लागत नाही.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. ठरावाचा मसुदा असा केला आहे, चुका काढा:

“(1) खाद्यतेल, साखर, चहा, साबण, औषधं, कपडे यांवरील जीएसटी वाढवू नये. (2) 18 व 40 टक्के टप्प्यांतील वाढ परिषदेत मांडावयाची झाल्यास त्यापूर्वी रासायनिक कीटकनाशके 5 टक्क्यांत आणावीत. (3) डिझेलवर नवीन उपकर नको. (4) सामाजिक सहाय्यासाठी घेतलेला कोणताही उपकर स्वतंत्र कायद्याने, पाच वर्षांच्या मुदतीचा असावा. (5) निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा 21,000 वरून वाढवावी व रक्कम दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवावी. (6) केंद्राने जीएसटीवर पेन्शन उपकर लावावा.”

जमाखर्च

सहावं कलम काढा. केंद्राने लावलेला उपकर आणि अधिभार कलम 270 प्रमाणे राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या रकमेत धरला जात नाही. वर 100 मधले 51 रुपये राज्याला मिळतात असं लिहिलं, तो हिशेब साध्या जीएसटीचा. तेच 100 रुपये केंद्राच्या उपकराच्या नावाने घेतले तर राज्याचा त्यावर हक्क शून्य, केंद्र योजनेतून देईल तेवढंच.

चौथ्या कलमात जोड द्या: “जमा रक्कम तिमाही संपल्यापासून 30 दिवसांत खास निधीत वर्ग करावी, राज्याने तेवढीच रक्कम स्वतःची घालावी, आणि जिल्हानिहाय जमा-खर्च दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावा.” रोजगार हमीत पहिलं गळलं ते पैसा खास निधीत वळवण्याच्याच जागी.

निराधार_अर्ज_मदत

आणि ठराव आधी महिला सभेत घ्या. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते, तिथे मंजूर झालेलं ग्रामसभेत मांडता येतं. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी तेवढी उपस्थिती लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि ठराव लटकतो. प्रोसिडिंगमध्ये सूचक-अनुमोदकाच्या नावासह पूर्ण मजकूर उतरवून घ्या, “चर्चा होऊन मंजूर” एवढ्या एका ओळीवर सही करू नका. सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा. एक प्रत तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या आणि आवक क्रमांक घ्या. एक आमदारांना, एक वित्त विभागाला. पहिली, दुसरी कलमं जीएसटी परिषदेत राज्यातर्फे बसणाऱ्या मंत्र्यासाठी आहेत, पाचवं सामाजिक न्याय विभागासाठी, म्हणून प्रत्येक प्रतीवर ज्याचं त्याचं कलम अधोरेखित करून पाठवा.